पासबुक एक, नियामक अनेक

बँक, विमा आणि निवृत्तिवेतन यांच्यामधील भिंती बाजाराने केव्हाच ओलांडल्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या संस्था मात्र अजून आपापल्या अंगणातच उभ्या आहेत. या अंतराची किंमत सामान्य बचतदार मोजतो आहे.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झालेल्या अर्थसंकल्पाची चर्चा बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरील करसवलतीभोवती फिरत राहिली, आणि ते स्वाभाविकच होते. त्याच भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. विमा क्षेत्रातील परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्के करण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला. लगोलग, निवृत्तिवेतनाच्या योजनांबाबत नियामकांमध्ये समन्वय साधण्यासाठी आणि अशा योजनांच्या विकासासाठी एक मंच स्थापन केला जाईल, असेही त्या म्हणाल्या. पहिल्या घोषणेवर अग्रलेख लिहिले गेले, दुसरी जवळपास कोणाच्या लक्षातही आली नाही. माझ्या मते अधिक महत्त्वाची होती ती दुसरी. देशातील निवृत्तिवेतनाचा पैसा एकाहून अधिक नियामकांच्या हद्दीतून वाहतो आणि हे नियामक परस्परांशी पुरेसे बोलत नाहीत, याची ती सरकारी कबुली होती.

असा ‘मंच’ पुरेसा ठरेल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. पुरेसा ठरणार नाही, असे माझे मत आहे. मात्र सगळे नियामक मोडून एकच महानियामक उभारावा, या लोकप्रिय उपायाशीही मी सहमत नाही. अशा दोन टोकांच्या मध्ये जो मार्ग आहे, तो आपल्याच देशातील एका समितीने २०१३ मध्ये बऱ्याच अंशी आखून ठेवला होता.

प्रश्नाचे खरे रूप पाहण्यासाठी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात जाण्याची गरज नाही. ते खुर्सीपारमध्ये दिसते. खुर्सीपार ही छत्तीसगडमधील भिलाईची कामगारवस्ती. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून आकाराला आलेला, आणि ज्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, तो पोलाद कारखाना तिच्या शेजारी आहे. मराठी वाचकाला हा मुलूख तसा परका नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरच्या सचिवालयातूनच चालत असे. कारखान्यात कायम नोकरी करून निवृत्त झालेली एक पिढी आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेली दुसरी पिढी येथे बहुधा एकाच घरात नांदताना दिसते.

या दुसऱ्या पिढीतील एखाद्या कंत्राटी कामगाराचे बचत खात्याचे पासबुक कसे असते? मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले असतात. तो पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता. त्याच्या आगेमागे २० रुपये वजा होतात, ते अपघात विम्याचे. ठरावीक अंतराने आणखी एक रक्कम कापली जाते, ती अटल पेन्शन योजनेची. वयाच्या साठीनंतर महिना एक ते पाच हजार रुपयांची हमी देणाऱ्या या योजनेतील नोंदणी २०२५ मध्ये आठ कोटींच्या पुढे गेली. म्हणजे खाते बँकेचे, त्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची. विम्याचा हप्ता विमा नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत. निवृत्तिवेतनाची वर्गणी निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत. या तिन्ही गोष्टी त्याला एकाच खिडकीवर, एकाच कर्मचाऱ्याने, बहुधा एकाच दिवशी विकलेल्या असतात. शिवाय ठेकेदार त्याच्या मजुरीतून भविष्य निर्वाह निधीची जी रक्कम कापतो, ती या तिघांपैकी कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. तो विषय कामगार मंत्रालयाचा.

बँक, विमा व निवृत्तिवेतन यांचे एकत्र येणे ही भांडवली बाजारातील बड्या समूहांची गोष्ट आहे, असा एक समज आहे. तो या पासबुकापुढे टिकत नाही. आर्थिक क्षेत्रांचा संगम गरिबाच्या खात्यात आधीच घडून आला आहे आणि तो घडवून आणण्यात सरकारचाच पुढाकार होता. त्यात गैर काही नाही. कोट्यवधी लोकांपर्यंत विमा आणि निवृत्तिवेतन पोहोचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. पण काही बिघडले तर या माणसाने कोठे जायचे? बँकेविरुद्धची लेखी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्राकडे पाठवायची. विमा लोकपाल भोपाळला. निवृत्तिवेतनाचा लोकपाल दिल्लीला. भविष्य निर्वाह निधीचे प्रादेशिक कार्यालय रायपूरला. संगणकावर अर्ज भरता येतो, हे खरे. पण त्यासाठी आपली तक्रार नेमकी कोणत्या नियामकाच्या हद्दीतील आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. हद्द ओळखण्याचे ते काम व्यवस्थेने स्वतः न करता तक्रारदारावर सोपवले आहे.

माझ्या सेवेतील काही काळ या भागात गेला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली एकरकमी पुंजी ‘मुदत ठेव’ समजून दीर्घ मुदतीच्या विमा पॉलिसीत गुंतवून बसलेले कामगार तेव्हा मी पाहिले. त्यांतील एकाची कागदपत्रे मी स्वतः वाचली होती. बँक म्हणे, पॉलिसी विमा कंपनीची आहे. विमा कंपनी म्हणे, विक्री बँकेने केली आहे. दोघांचेही म्हणणे कायद्याला धरून होते, आणि त्या माणसाला दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरणे शक्य नव्हते. त्यानंतर सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. बँकेने केलेली विमा व म्युच्युअल फंडांची अयोग्य विक्री हा बँकिंग लोकपालाकडे तक्रारीचा विषय होऊ शकतो, हे २०१७ मध्ये मान्य झाले. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या अखत्यारीतील लोकपाल योजना एकत्र केल्या. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांना बँकांच्या व्यासपीठावरून अशा विक्रीबद्दल इशारा द्यावा लागला. रोग जुना असून अजून बरा झालेला नाही, याचीच ती खूण होती.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. आपले नियामक एका आराखड्यातून जन्मलेले नाहीत. प्रत्येक जण आपापल्या काळातील एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आला. १९४९ च्या कायद्याने बँकांवर देखरेख करण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करावे, अशी शिफारस मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये केली आणि १९९९ च्या कायद्याने विमा नियामक अस्तित्वात आला. असंघटितांच्या वार्धक्याचा विचार करणाऱ्या ‘ओॲसिस’ अहवालाच्या पाठोपाठ २००३ मध्ये निवृत्तिवेतन प्राधिकरण आले, पण त्याला स्वतःचा कायदा मिळायला २०१३ साल उजाडले. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा तर या सर्वांहून वेगळ्या, कामगार कल्याणाच्या परंपरेतला. जुन्या वाड्याला गरजेनुसार खोल्या जोडाव्यात, तशी ही रचना वाढली. प्रत्येक खोली मजबूत आहे. पण पाऊस आला की गळते ते दोन खोल्यांच्या सांध्यात.

पहिली मोठी गळती २०१० मध्ये उघड झाली. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांचे प्रवेश शुल्क बंद केले. विक्रेत्यांचे कमिशन ज्या शुल्कातून निघत असे, तेच गेले. परिणामी त्यांचा ओढा ‘युलिप’कडे वळला. युलिप म्हणजे थोडा विमा आणि बरीचशी शेअर बाजारातील गुंतवणूक, पण कायद्याच्या दृष्टीने विमा पॉलिसी. ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने १४ विमा कंपन्यांना आपल्या नोंदणीशिवाय अशा योजना विकण्यास मनाई केली. दुसऱ्याच दिवशी विमा नियामकाने त्या कंपन्यांना विक्री चालू ठेवण्यास सांगितले. एकाच देशाच्या दोन वैधानिक संस्थांचे दोन परस्परविरोधी आदेश, आणि मध्ये उभा असलेला पॉलिसीधारक. अखेर १८ जून रोजी अध्यादेश काढून सरकारने युलिप विमा नियामकाकडे सोपवले. भविष्यातील अशा वादांसाठी अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक संयुक्त समिती नेमण्याची तरतूदही त्यात केली. तत्कालीन गव्हर्नर डी. सुब्बाराव यांचा या तरतुदीला विरोध होता. नियामकांच्या वादात मंत्र्याने पंच व्हावे, हे स्वायत्ततेच्या तत्त्वाला धरून नाही, ही भूमिका मला आजही योग्य वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस वित्तीय स्थैर्य व विकास परिषद स्थापन झाली. तिचे अध्यक्षपदही अर्थमंत्र्यांकडेच आहे, आणि तिला कायद्याचे पाठबळ नाही.

युलिपच्या वादात निदान दोन नियामक हजर तरी होते. सहारा प्रकरणात पैसा एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सरकत गेला. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने समूहाच्या वित्तीय कंपनीला नव्या ठेवी स्वीकारण्यास प्रतिबंध केला. त्याच सुमारास समूहातील दोन अन्य कंपन्यांनी ऐच्छिक परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करण्यास सुरुवात केली. आम्ही सेबीच्या कक्षेत येत नाही, हा त्यांचा बचाव होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ च्या निकालात फेटाळला, तोवर २४ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झालेली होती. पुढे समूहाशी संबंधित चार बहुराज्य सहकारी संस्थांच्या ठेवीदारांचा प्रश्न उभा राहिला. सहकारी संस्थांचे निबंधक हे तर आणखी वेगळेच दालन. त्या ठेवीदारांसाठी परताव्याची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. समूहाच्या आयुर्विमा कंपनीवर २०१७ मध्ये प्रशासक नेमावा लागला आणि २०२३ मध्ये तिचे पॉलिसीधारक दुसऱ्या कंपनीकडे सोपवावे लागले. प्रत्येक नियामकाने आपल्या हद्दीत कारवाई केली. या सगळ्या खिडक्या एकाच घराच्या आहेत, हे वेळीच पाहणे मात्र कोणाच्याही कर्तव्यात बसत नव्हते.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तर देखरेखीची खिडकीच अरुंद आहे. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीत अडकल्याचे उघड झाले. ही गृहवित्त कंपनी तोवर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या देखरेखीखाली होती. तिच्याशी निगडित आयुर्विमा आणि म्युच्युअल फंड व्यवसाय अन्य दोन नियामकांच्या कक्षेत होते. आणि ज्या न्यासाने आयुष्यभराची कमाई तिच्याकडे ठेव म्हणून सोपवली, त्या न्यासाच्या गुंतवणुकीची वित्तीय दृष्टीने नियमित तपासणी करणारा स्वतंत्र नियामक नव्हता. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते, गृहवित्त कंपनीतील ठेवीला नसते. हा फरक निधीच्या व्यवस्थापकांना ठाऊक असायला हवा होता. त्यांनी तो पाळला की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता.

वरच्या मजल्यावरचे चित्रही याहून फार वेगळे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूह कोसळला. त्याच्यावर सुमारे ९१ हजार कोटी रुपयांचे कर्ज होते आणि तीनशेहून अधिक कंपन्यांची त्याची साखळी होती. सर्वांत मोठा भागधारक होता आयुर्विमा महामंडळ. कर्ज देणाऱ्यांत बँका, रोखे घेणाऱ्यांत म्युच्युअल फंड आणि कामगारांचे भविष्य निर्वाह निधी न्यास. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत या समूहाच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. संपूर्ण साखळीचे चित्र एका टेबलावर मांडण्याची जबाबदारी कोणावर होती? वित्तीय समूहांवर एकत्रित लक्ष ठेवण्याची चौकट २००४ पासून आपल्याकडे आहे आणि २०१३ मध्ये चार नियामकांनी परस्पर सहकार्याचा करारही केला. पण सामंजस्य करार हा सद्भावनेचा दस्तऐवज असतो. माहिती दिली नाही, म्हणून कोणाला जबाबदार धरण्याची सोय त्यात नसते.

सरकारही या संगमात त्रयस्थ नाही. जानेवारी २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने आयडीबीआय बँकेतील ५१ टक्के हिस्सा घेतला. त्यासाठी विमा नियामकाने कंपनीतील भागधारणेवरची आपली १५ टक्क्यांची मर्यादा शिथिल केली होती. पॉलिसीधारकांचा पैसा एका आजारी बँकेच्या भांडवलात गेला. व्यवहार कायदेशीर होता आणि बँक पुढे सावरलीही. पण विमा कंपनीचा मालक, बँकेचा प्रवर्तक, धोरणकर्ता आणि नियामकांची नेमणूक करणारा या चारही खुर्च्यांवर एकच सरकार बसलेले असताना ‘पॉलिसीधारकाचे हित’ या पाचव्या खुर्चीवर कोण बसले होते, हा प्रश्न राहतोच. १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची चौकशी न्यायमूर्ती छागला यांनी केली आणि टी. टी. कृष्णमाचारी यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. दोन्ही घटना सारख्या नाहीत. तथापि विम्याच्या निधीवर सत्तेची नजर असते आणि म्हणून त्याला भक्कम, स्वतंत्र राखणदार लागतो, हा धडा मात्र तेव्हापासूनचा आहे.

हे सारे लक्षात घेऊनच न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र कायदेविषयक सुधारणा आयोगाने मार्च २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. साठहून अधिक कायद्यांच्या जागी एक संहिता असावी, असे त्याने सुचवले. बँका आणि देयक व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे ठेवावेत. सेबी, वायदे बाजार आयोग, विमा आणि निवृत्तिवेतन नियामक यांची मिळून एक एकीकृत संस्था करावी. ग्राहकांच्या सर्व तक्रारींसाठी एक निवारण यंत्रणा, बुडणाऱ्या वित्तीय संस्थांसाठी एक निराकरण महामंडळ, आणि स्थैर्य परिषदेला वैधानिक दर्जा असावा. आयोगातील काही सदस्यांनी भिन्न मते नोंदवली होती आणि रिझर्व्ह बँकेलाही अनेक शिफारशी मान्य नव्हत्या. प्रत्यक्षात उतरले ते थोडके. सप्टेंबर २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला. निराकरण महामंडळासाठी २०१७ मध्ये विधेयक आले. परंतु बुडत्या बँकेचा भार ठेवीदारांवर टाकता येईल, अशा कलमाच्या धास्तीने लोकमत खवळले आणि २०१८ मध्ये ते मागे घेतले गेले. तक्रार निवारणाच्या एकत्रित यंत्रणेवर कृतिगट नेमला गेला. यंत्रणा आली नाही.

जगाचा अनुभव काय सांगतो? ब्रिटनने १९९७ मध्ये सगळी वित्तीय देखरेख एका छत्राखाली आणण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. नियामक, मध्यवर्ती बँक आणि अर्थखाते यांच्यापैकी निर्णय कोणी घ्यायचा, हे तेव्हा स्पष्ट नव्हते. एप्रिल २०१३ मध्ये ती संस्था दुभंगून संस्थांच्या सुरक्षिततेसाठी एक आणि ग्राहकाशी होणाऱ्या वर्तनासाठी दुसरी, अशी विभागणी झाली. हाच मार्ग ऑस्ट्रेलियाने वॉलिस समितीच्या शिफारशीवरून १९९८ मध्ये स्वीकारला होता. बँका, विमा आणि निवृत्तिनिधी यांचे आर्थिक आरोग्य एका संस्थेने पाहायचे आणि ग्राहकाशी होणारा व्यवहार दुसरीने. तरीही २००१ मध्ये तेथे एचआयएच ही मोठी विमा कंपनी बुडाली. २०१८ मध्ये न्यायमूर्ती हेन यांच्या आयोगापुढे तर मृत ग्राहकांच्या खात्यांतूनही सल्लाशुल्क कापले गेल्याचे पुरावे आले. अमेरिकेत एआयजी ही विमा कंपनी सप्टेंबर २००८ मध्ये विम्यामुळे नव्हे, तर तिच्या एका वित्तीय शाखेने घेतलेल्या जोखमीमुळे कोलमडली आणि सरकारला ८५ अब्ज डॉलरचे साहाय्य घेऊन धावावे लागले. तात्पर्य एवढेच की, विखुरलेली रचना धोका लपवते, पण केवळ एकत्रीकरण धोका दूर करत नाही. कोण कशासाठी जबाबदार, हे आधी निश्चित व्हावे लागते.

त्यामुळे पाट्या बदलण्यापेक्षा मी चार कामांना प्राधान्य देईन. पहिले काम तक्रारीच्या एका दाराचे. नागरिकाने एकाच ठिकाणी अर्ज द्यावा आणि तो कोणत्या नियामकाचा, हे व्यवस्थेने ठरवावे. ज्याने वस्तू विकली आणि ज्याने ती बनवली, त्या दोघांनाही एकाच सुनावणीत बोलावण्याचा अधिकार या यंत्रणेला असावा. यासाठी कोणत्याही नियामकाचे विलीनीकरण लागत नाही. म्हणून ते आधी होऊ शकते.

दुसरे काम समान वस्तूला समान नियमाचे. ग्राहकाच्या दृष्टीने जी गुंतवणूक आहे, तिच्यावरील कमिशन, शुल्क आणि जोखीम एकाच पद्धतीने आणि त्याच्या भाषेत त्याला कळली पाहिजे, मग वेष्टनावर फंड लिहिलेले असो, पॉलिसी असो वा पेन्शन. २००९-१० मध्ये एका नियामकाने कमिशनचे दार लावताच विक्रेता शेजारच्या दाराने आत आला, हे आपण पाहिले आहे.

तिसरे काम वार्धक्याच्या पैशाला एक राखणदार देण्याचे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वर्षासन घ्यावे लागते. म्हणजे त्याची पुंजी एका नियामकाकडे वाढते आणि पेन्शन दुसऱ्याकडून मिळते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या १९९५ च्या योजनेतील सुमारे ७८ लाख निवृत्तांचा हिशेब तिसरीकडे. त्यांच्यासाठी महिना हजार रुपयांची किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली. ती वाढवावी की नाही, हा निर्णय राजकीय आहे आणि तो सरकारनेच घ्यावा. परंतु निधीची गुंतवणूक सुरक्षित आहे का, भविष्यातील देण्यांच्या तुलनेत ती पुरेशी आहे का, आणि सवलतप्राप्त न्यास नियम पाळतात का, ही तपासणी स्वतंत्र वित्तीय नियामकाकडे जावी. योजना चालवणारा आणि तिची तपासणी करणारा एकच असू नये, हे लेखापरीक्षणाचे साधे तत्त्व येथेही लागू पडते.

चौथे काम वरच्या मजल्याचे. प्रत्येक मोठ्या वित्तीय समूहासाठी एक प्रमुख नियामक कायद्याने ठरवावा. समूहाच्या साऱ्या कंपन्यांची माहिती मागण्याचा त्याला अधिकार असावा आणि ती न पाहिल्याबद्दल त्याला संसदेच्या स्थायी समितीपुढे उत्तर द्यावे लागावे. स्थैर्य परिषदेला वैधानिक दर्जा द्यावा आणि तिच्या निर्णयांचा वार्षिक अहवाल संसदेत मांडावा. बुडणाऱ्या विमा कंपनीचे वा निधीचे काय करायचे, याचा कायदाही त्याच ओघात यायला हवा. २०१८ मध्ये मागे घेतलेले विधेयक ठेवीदाराला नव्या, स्पष्ट हमीसह पुन्हा मांडता येईल. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा तिच्या धक्क्यातूनच १९६२ मध्ये ठेवविमा आला. पीएमसी बँकेच्या खातेदारांनी रस्त्यावर आक्रोश केला, त्यानंतर २०२० मध्ये त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. प्रत्येक सुधारणेसाठी आधी कोणाचे तरी घर बुडावेच लागते, ही परंपरा आपण मोडायला हवी.

यावर नेहमीचा आक्षेप येईल की, भारतासारख्या देशात नियामकांमध्ये इतका समन्वय व्यवहार्य नाही. प्रत्येक खाते आपले क्षेत्र घट्ट धरून ठेवते, हे मी आतून पाहिले आहे. कामगार मंत्रालय भविष्य निर्वाह निधी सोडणार नाही, अर्थखाते बँका आणि महामंडळावरील पकड सैल करणार नाही, आणि कोणताही नियामक आपली हद्द स्वखुशीने वाटून घेणार नाही. परंतु व्यवहार्यतेचा युक्तिवाद आपणच खोटा ठरवला आहे. गुजरातमधील गिफ्ट सिटीसाठी २०१९ च्या कायद्याने एक एकीकृत प्राधिकरण स्थापन झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून त्या परिसरात रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि निवृत्तिवेतन नियामक या चौघांचेही अधिकार त्या एका संस्थेकडे आहेत. परदेशी गुंतवणूकदाराला चार दारे ठोठवावी लागू नयेत, म्हणून संसदेने ही सोय केली आणि चारही संस्थांनी आपले अधिकार मुकाट्याने दिले.

तेव्हा इच्छा असली की मार्ग निघतो. मोठ्या पैशाच्या सोयीसाठी तो निघाला आहे. देशभरातील संपूर्ण विलीनीकरण मी मागत नाही. पण गांधीनगरजवळच्या एका परिसरात परदेशी बँकेला जी एक खिडकी मिळते, ती खुर्सीपारच्या कंत्राटी कामगाराला त्याच्या ४३६ रुपयांसाठी का मिळू नये, याचे उत्तर त्या प्रस्तावित मंचाने आपल्या पहिल्याच बैठकीत द्यावे. ते देता आले नाही, तर तो मंच केवळ आणखी एक समिती ठरेल. आणि समित्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.